चिचखेड्याच्या राजा-राणीचे पडदे

एका राजा-राणीच्या घरी पाहुणी म्हणून जाते आहे, असं मी सांगितलं तेव्हा बाबांनी हातातला चहा खाली ठेवला.

"आता राजाच्या दारात जाणार व्हय गं तू?" ते म्हणाले. "जा की. मुजरा कसा घालायचा तेवढं शिकून जा."

आमचं घर इचलकरंजीतलं. बाबा यंत्रमाग कामगारांच्या संघटनेचं काम करतात. घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. संपाची, मोर्चाची, बोनसच्या मागणीची, पिवळ्या आणि गुलाबी कागदावरची. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात छापणाऱ्याचं नाव असतं. ते छापलंच पाहिजे असा कायदा आहे, हे मला पुढे कळलं. लहानपणी मात्र वाटायचं की ज्यानं हातानं काम केलं त्याचं नाव कामावर येतं, ही जगाची रीतच आहे. ती तशी नाही, हे समजलं तेव्हापासून मी चिडलेलीच आहे. राजे, महाराजे, त्यांचे दरबारी चित्रकार, त्यांचे संग्रह हे शब्द ऐकले की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: केलं कुणी, आणि नाव कुणाचं?

त्यामुळे या प्रवासाला मी भांडायच्या तयारीनं निघाले होते, हे आधीच सांगून ठेवते.

भंडारा

कोल्हापूरहून सुटणारी गाडी राज्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाते. त्या बसून राहण्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. 'भंडारा रोड' या स्टेशनावर उतरलं की भंडारा आलं असं वाटतं, पण शहर अजून बरंच पुढे असतं. मी ऑटोवाल्याकडे तक्रार केली तर तो म्हणाला, "नावातच रोड आहे ना ताई, मंग रोडनं जा लागते."

प्रज्ञा मला बसस्टँडपाशी भेटली. ती मूळची अड्याळची. दोन वर्षांपूर्वी नागपूरला पोस्टर बनवण्याच्या एका शिबिरात आमची मैत्री झाली. तिचे वडील वामनराव हे दंडारीचे पडदे रंगवणारे. दंडार म्हणजे या झाडीपट्टीतलं गावकऱ्यांचं नाच-गाण्याचं नाटक; त्यात मागे एक मोठा रंगवलेला पडदा लागतो. वामनरावांची नजर आणि हात दोन्ही आता साथ देत नाहीत, म्हणून काही वर्षांपासून कुंचला प्रज्ञाच्या हातात आहे. पण पडद्यांवर घर चालत नाही. म्हणून ती भंडाऱ्यात एका दुकानात संगणकावर फ्लेक्स बनवते. वाढदिवसाचे, श्रद्धांजलीचे, निवडणुकीचे. आणि आता दंडारीचेसुद्धा, कारण पुष्कळ गावांनी हाताचा पडदा सोडून फ्लेक्स घेतला आहे.

"म्हणजे तुझ्या विरोधात तूच उभी आहेस," मी म्हणाले.

"अन दोन्हीकडून मीच पडून राहिली," ती म्हणाली आणि मला पोहे खायला घेऊन गेली.

पोह्यांवर इथे तर्री ओततात. हरभऱ्याची, लालभडक. मिसळीच्या गावाकडून आलेली मी, तिखटाबद्दल मला कुणी काही शिकवू नये अशा थाटात पहिला घास घेतला आणि दुसऱ्या घासाला पाणी मागितलं. त्यानंतर आम्ही पितळेच्या भांड्यांच्या दुकानांकडे गेलो. भंडाऱ्याचं पितळ प्रसिद्ध. एका दुकानात मी छोटा गडवा घेतला. दुकानदारानं तो बोटानं वाजवून माझ्या कानाशी धरला आणि म्हणाला, "आवाज आयका. आवाजाचे वेगळे पैसे नाई घेत."

मंडईचे दिवस होते. दिवाळीनंतर इथलं प्रत्येक गाव आपापला एक दिवस ठरवतं. त्या दिवशी गावात बाजार भरतो, दिवसा दंडार, रात्री नाटक. सासरी गेलेल्या मुली येतात, त्यांच्या जावा-नणंदा येतात, शेजारगावचे येतात. आमच्याकडे जत्रा देवाची असते. इथली मंडई मला पाहुण्यांची वाटली. चिचखेडा नावाच्या गावाच्या मंडईला आम्हाला जायचं होतं, आणि तिथेच ते राजा-राणी राहतात.

त्यांची जमीनदारी कायद्यानं गेली त्याला पिढ्या झाल्या. राहिली आहे ती एक रीत. दर मंडईला हे घराणं गावाला नवा रंगवलेला पडदा देतं आणि गेल्या वर्षीचा वापरलेला पडदा आपल्या घरी ठेवून घेतं. नवा गावाला, जुना घराला. गंमत अशी की नवा पडदा कसा झाला आहे हे देणाऱ्यांनी आधी पाहायचं नसतं. मंडईच्या दुपारी राजा-राणी दोघं मिळून दोरी ओढतात आणि गावाबरोबरच त्यांनाही तो पहिल्यांदा दिसतो.

अड्याळ

अड्याळला जाताना दोन्ही बाजूंना धान कापून झालेलं होतं. रिकाम्या बांध्यांमधून, म्हणजे भाताच्या खाचरांमधून, धानाचे पुंजणे उभे, कापलेल्या पेंढ्यांचे गोल रचलेले ढीग, घराएवढे. मधूनच एखादी बोडी, म्हणजे लहान तळं. आमच्याकडे शेत म्हटलं की ऊस, आणि ऊस पलीकडचं काही दिसू देत नाही. इथे मान वळवाल तिकडे नजर पोचते.

प्रज्ञाच्या अंगणात पडदा पसरलेला होता. मी कितीतरी वेळ त्याच्या कडेकडेनं नुसती फिरत राहिले. दरबाराचं चित्र. खांब, कमानी, महिरपीवर मोर. मधे सिंहासन, पण रिकामं. कारण राजाचं सोंग घेतलेला नट त्याच्यापुढेच खुर्ची टाकून बसतो. आणि सिंहासनामागे एक खिडकी, त्या खिडकीतून दिसणारी निळी वैनगंगा आणि काठावर पुंजणे. राजवाड्यातून असं दिसतं का, असं मी विचारलं, तर प्रज्ञा म्हणाली, "मले कुठी राजवाडा मालूम आहे? खिडकीतून मले जे दिसते तेच काढलं."

मांजरपाटावर आधी चिंचोक्याची खळ देतात, म्हणजे कापड ताठ होतं आणि रंग झिरपत नाही. प्रज्ञाची आई, शांतामावशी, अजून चुलीपाशी खळीचं भांडं घासत होत्या. वामनराव खुर्चीत बसून प्रश्न विचारत होते.

"मोराची मान लंबी तर नाई झाली?"

"नाई बाबा."

"अन झालर? झालरीवरची अक्षरं बसली?"

"बसली."

झालर म्हणजे पडद्याची वरची पट्टी. तिच्यावर दरवर्षी देणाऱ्याचं नाव असतं: 'राजे उदयभान यांचेकडून चिचखेडा गावास सप्रेम भेट'. आधी आजोबांचं नाव, मग वडिलांचं, मग यांचं.

वामनराव हातपाय धुवायला आत गेले तेव्हा प्रज्ञानं झालरीची गुंडाळी उलगडून मला दाखवली. लाल जमिनीवर पिवळी अक्षरं होती: 'चित्रकार वामन आणि प्रज्ञा, अड्याळ'. बस. दुसरं काही नाही.

"राजाचं नाव?" मी विचारलं.

"नाई टाकलं."

"विसरलीस?"

"विसरली असती तं झोप आली असती ना मले."

ती हळू आवाजात बोलत होती. "राजाच्या कोठीत बाबाचे कितीक पडदे आहेत. एकावर बी बाबाचं नाव नाई. उद्या कोनी विचारलं हे कोनाचे, तं सारे म्हंतीन राजाचे. बाबाले सांगतलं असतं तं त्यायनं लिहूच देल्लं नसतं."

"आणि राजा रागावला तर?"

"तं पुढच्या सालापासून फ्लेक्स. दंडारीच्या मंडळानं या साली बी एक करून ठेवला आहे, पडदा पावसानं गिवसानं भिजला तं म्हनून. तो बी मीच बनवला. चिचखेड्यानं हाताचा पडदा सोडला का बाकीची गावं बी सोडतीन. अन बाबाले दर साली पुऱ्या गावासमोर राजाच्या हातानं शेला भेटते, तो बी गेला." तिनं झालर गुंडाळली. "तेवढा एक शेलाच तं राहिला आहे बाबाजवळ, नजर गेल्यापासून."

मी तिचे दोन्ही हात धरले. तू करते आहेस ते शंभर टक्के बरोबर आहे, असं मी तिला सांगितलं, आणि आजही तेच सांगेन. पण रात्री जेवायला बसलो तेव्हा मी वामनरावांसमोरची जागा सोडून कडेला बसले. समोर वाफाळता भात, लाखोरीची डाळ, सुक्या झिंग्यांची चटणी. वामनराव बोटांनी चाचपत घास करत होते आणि म्हणत होते, "राजाबापूले मोर लय आवडते. मोर पाहून खूश होते पाहा."

शांतामावशींनी मला तिसऱ्यांदा भात वाढला. भाकरीची आठवण येते का, असं त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं. "भाकर भुकेची असते," त्या म्हणाल्या, "भात जिवाचा असते. खा."

चिचखेडा, आदला दिवस

पडदा बांबूवर गुंडाळला तर ते लांबलचक भेंडोळं झालं. ते घेऊन आम्ही एसटीपाशी उभे राहिलो. कंडक्टरनं खाली उतरून त्याची लांबी पाहिली.

"काय आहे हे?"

"राजवाडा," प्रज्ञा म्हणाली.

"राजवाडा असो का झोपडी, एवढा बांबू माह्या गाडीत नाई बसत, माय."

शेवटी शिंगाडे घेऊन मंडईला निघालेला एक टेंपो मिळाला. वामनराव आणि शांतामावशी ड्रायव्हरशेजारी पुढे, प्रज्ञा आणि मी मागे. तळ्यातून काढलेले ताजे शिंगाडे, ओल्या गोण्या, आणि त्यातून टपटपणारं पाणी. पडद्याचे रंग पाण्यात विरघळणारे. वाटभर आम्ही दोघी गोण्यांवर उभ्या, खांद्यावर बांबू, जशी काही कुणाची पालखी. मी प्रज्ञाला म्हटलंही की मी राजेशाहीविरुद्ध लढायला आले आणि इथे राजवाडाच वाहते आहे. एका खड्ड्यात तोल गेलाच. पडद्याचं एक टोक ओलं झालं, आणि पोचल्यावर उलगडून पाहिलं तर नदीची निळाई काठ सोडून पुंजण्यांपर्यंत ओघळली होती.

प्रज्ञानं फडक्यानं टिपून घेतलं आणि लांबून पाहिलं. "पूर आला," ती म्हणाली. "दर दोन सालानं येतेच."

राजा-राणीचं घर मी शोधत होते ते कमानीचं, नगारखान्याचं. प्रज्ञानं ज्या घरापुढे थांबवलं ते साधं सिमेंटचं, पुढे पडवी. जुना वाडा केव्हाच पडला, आणि त्याच्या विटा निम्म्या गावाच्या भिंतीत गेल्या. राणीसाहेब पडवीत बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. पवनीच्या शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. गाव त्यांना राणीमाय म्हणतं. राजाबापू स्कूटरवरून आले, हँडलला दोन कोंबड्या उलट्या टांगलेल्या. ते पाटबंधारे खात्यात नोकरीला होते. मला पाहून म्हणाले, "तुमीच का त्या कोल्हापूरकडच्या लेखिका? बरं झालं आले. आमाले शिव्या देऊन राहिले का लिहून?"

"अजून नाही," मी म्हणाले.

"मंग आधी जेवा. उपाशी पोटी शिवी कच्ची निघते."

जेवण झाल्यावर दोघांनी मला कोठी दाखवली. घराच्या मागे कौलारू, जाड मातीच्या भिंतीची, धान साठवायची जुनी कोठी. आत आढ्यापासून आडवे बांबू टांगलेले आणि प्रत्येक बांबूवर एक पडदा गुंडाळलेला. मधे मधे कडुलिंबाच्या पाल्याच्या जुड्या. जंगल, रस्ता, तुरुंग, देऊळ, आणि दरबार तर किती. दोघं एकेक पडदा थोडा थोडा उलगडत होते, आणि चित्रापेक्षा जास्त बोलत होते ते डागांबद्दल.

"हे पाहा," राजाबापू म्हणाले, "हे बिडीचं भोक. इथं राक्षसाचं सोंग घेऊन एक जन मागं बसून बिडी पेत होता. अन हा हळदीचा हात. नवरीचं काम करनाऱ्या मानसाचा. त्याले मिशी होती."

"अन हे ठिगळ," राणीमाय म्हणाल्या.

"ठिगळ हिनं लावलं. मी नाई म्हनलं होतं. फाटलं तं फाटलं, त्या दिवशीचं आहे ते."

"तुमची बनियान फाटली तवा नाई म्हनत हे, त्या दिवशीची आहे म्हनून."

मी हसले, पण डोळे झालरींवर होते. प्रत्येक झालरीवर राजाचं नाव. एकावर एक, ओळीनं. मग माझ्यानं राहवेना.

"इथल्या लोकांच्या घामाच्या धानानं ही कोठी भरायची," मी म्हणाले. "आता त्यांच्या कलेनं भरली आहे. फरक काय पडला?"

प्रज्ञानं मागून माझी ओढणी ओढली. राजाबापूंना राग आल्यासारखं दिसलं नाही. त्यांनी पडदा गुंडाळून पुन्हा टांगला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "धान येनं बंद झालं अन कोठी रिकामी पडली. रिकाम्या कोठीत उंदीर होते, मनात बी होते. आजानं मंडळाले म्हनलं, जुना पडदा फाडून धानाच्या बोऱ्या शिवता त्यापरीस मले द्या. नवा मी देतो. तिथून सुरू झालं. आता तुमी सांगा, हे मी ठेवलं नसतं तं कुठी असतं?"

"बोऱ्यांमधी," वामनराव दाराशी बसून होते, ते म्हणाले. "माह्या पहिल्या पडद्याच्या बोऱ्याच झाल्या असत्या."

याला माझ्याकडे उत्तर होतं: जपलं हे खरं, पण कुणाच्या नावानं जपलं? ते ओठांपर्यंत आलं. प्रज्ञाकडे पाहिलं तर ती मान हलवून नको म्हणत होती. ते उद्या झालरच विचारणार होती. मी गप्प बसले. गप्प बसणं मला फारसं जमत नाही, त्यामुळे तो दिवस मला लांब गेला.

मंडईचा दिवस

सकाळपासून गाव भरत गेलं. जिलेबी, बांगड्या, फुगे, शिंगाड्यांचे ढीग, लोखंडी विळे, आणि जिथे तिथे गळाभेटी. मला अनोळखी बायकांनी हाक मारून चहा पाजला. कुणाकडची, असं विचारत आणि मी सांगण्याआधीच कुणाकडचीतरी ठरवून टाकत. एका घरी तर मी कुणाचीतरी नणंद होऊन लाखोरीचे वडे खाऊन आले.

दुपारी मैदानात सगळे जमले. मंडप असा नाही. दोन खांब, वर आडवा बांबू, त्यावर गुंडाळलेला पडदा. पुढे सतरंज्या, पोती, आपापली बसायची गोणपाटं. राजा-राणी सगळ्यांसारखेच खाली बसले होते. बाजूला ढोलकीवाला वादी ताणत होता. राजाचं सोंग घेतलेला नट, म्हणजे गावातला शिंपी, टिनाचा मुकुट घालून खुर्ची आणायला सांगत होता.

प्रज्ञा माझ्याजवळ उभी होती. रंगांची पिशवी तिच्या खांद्याला होती. वामनराव पुढच्या रांगेत, अंगात धुतलेला सदरा.

मंडळाचे अध्यक्ष पांडुरंगजी, अंगानं दणकट, आवाजानं त्याहून दणकट, त्यांनी राजा-राणींना बोलावलं. दोघांनी मिळून दोरी ओढली. पडदा गडगडत खाली आला.

आधी सगळ्यांच्या तोंडून एकच "आहा" निघालं. मोर, कमानी, पूर आलेली नदी. बायका एकमेकींना पुंजणे दाखवू लागल्या. मग नजरा वर चढल्या आणि आवाज हळूहळू बसत गेला.

राणीमाय शिक्षिका. अक्षर दिसलं की मोठ्यानं वाचायची सवय. त्यांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं: "चित्रकार वामन आणि प्रज्ञा, अड्याळ."

वामनरावांनी मान वर केली. "काय वाचलं?" त्यांनी शांतामावशींना विचारलं. "माह्यं नाव घेतलं का कोनी?"

"तुमचं आहे वरतं," मावशी म्हणाल्या. "तुमचं अन पोरीचं."

वामनरावांनी अंगातला सदरा सारखा केला. मग म्हणाले, "ओळ सरळ आहे का? वाकडी तं नाई गेली?"

"सरळ आहे."

तोवर पांडुरंगजी पुढे आले होते. "राजाचं नाव कुठी आहे? पोरी, काय केलं तू हे? कितीक पिढ्याइची रीत आहे. गुंडाळा तो पडदा. फ्लेक्स आना बाहेर."

दोघंजण बांबूकडे निघालेसुद्धा. मी पुढे जाऊन त्यांच्या वाटेत उभी राहिले आणि म्हणाले की ज्यांनी रंगवला त्यांचं नाव आहे, त्यात चूक काय? पांडुरंगजी म्हणाले, "तुमी पाहुण्या आहा बाई, वडे खा." मी म्हणाले, वडे खाऊन झालेत. मागे हशा पिकला, पण पांडुरंगजी हसले नाहीत. ते राजाबापूंकडे वळले. "बापू, तुमीच सांगा."

सगळं मैदान राजाबापूंकडे पाहू लागलं. प्रज्ञाही पाहत होती, सरळ, मान खाली न घालता.

राजाबापू पडद्याकडेच पाहत होते. "मोर चांगला आहे," ते म्हणाले. मग थांबून म्हणाले, "खोटं नाई बोलत. वाईट वाटून राहिलं मले. आजाचं होतं, बापाचं होतं, अन माह्याच वेळेले पुसलं."

"वाटू द्या," राणीमाय म्हणाल्या. "मले लग्न झाल्यापासून वाटून राहिलं."

सगळ्या माना आता त्यांच्याकडे वळल्या. राणीमायचा आवाज शांत होता, वर्गात असावा तसा. "नोकरी लागल्यापासून कापड मी आनतो. भंडाऱ्याले जाऊन, पोत पाहून. रंगाचे पैसे माह्या पगारातून गेले, आता पेन्शनीतून जाते. अन दर साली इथं उभी राहून मी काय वाचतो? राजे यांचेकडून. एक दिवस बी कोनी म्हनलं नाई का रानीचं नाव कुठी आहे. आज पोरीनं यायचं नाव नाई टाकलं तं रीत मोडली. माह्यं कधी टाकलंच नाई, ते काय होतं मंग?"

पांडुरंगजी पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागले. राजाबापू बायकोकडे बघत राहिले. ते काय म्हणतील याचा मला काहीच अंदाज येईना. मग त्यांनी प्रज्ञाला हाक मारली.

"पोरी, रंग आनला आहे का?"

"आहे बापू."

"मंग हिचं लिव. अन हिचं लिहून जागा उरली तं माह्यं."

शिडी आणली गेली. प्रज्ञा वर चढली, कुंचला पिवळ्यात बुडवला आणि खाली वाकून विचारलं, "राणीमाय, नाव काय लिहू?"

हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. गाव त्यांना राणीमाय म्हणत होतं, शाळेत बाई, आणि कागदोपत्री या घरात आल्यावर ठेवलेलं राजेश्वरीदेवी. राणीमाय थोड्या लाजल्या, मी त्यांना पहिल्यांदाच तसं पाहिलं.

"कुसुम लिव," त्या म्हणाल्या.

"कोन कुसुम?" मागून कुणीतरी विचारलं.

"मले मालूम आहे," राजाबापू म्हणाले.

'कापड आणि रंग कुसुम, चिचखेडा' असं प्रज्ञानं लिहिलं. शेवटचा काना संपला नाही तोच शांतामावशी उठून उभ्या राहिल्या.

"अन खळ कोनं शिजवली व?"

प्रज्ञानं शिडीवरच जीभ चावली. मलाही शरम वाटली. त्या अंगणात मावशींना भांडं घासताना मी पाहिलं होतं, नावांवरून मोठी भाषणं मनात रचली होती, आणि त्या रचनेत मावशी कुठेच नव्हत्या.

'खळ शांता' लिहून झालं, आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. टिनाचा मुकुट घातलेला शिंपी म्हणाला, कापडाचे पाट माझ्या मशीनवर जोडले. ज्याच्या बेटातून बांबू आला तो म्हणाला, बांबू काय आभाळातून पडला? सुतारानं खांबांची आठवण दिली. शिंगाड्यांच्या टेंपोवाल्यानं ओल्या गोण्या आणि खड्ड्यासकट वाहतुकीचा मुद्दा काढला. त्याला राणीमायनं सांगितलं की नदीला पूर तुझ्याचमुळे आला, खाली बस. पांडुरंगजी सगळ्यांना गप्प करता करता शेवटी स्वतःच म्हणाले, "दोरी मंडळाची आहे, तेवढं पाहून घेजो."

प्रज्ञा शिडी सरकवत लिहीत होती. अक्षरं आधी मोठी, मग मध्यम, मग बारीक होत गेली. ढोलकीवाला अधूनमधून एक थाप मारून लोकांना आपली आठवण करून देत होता. झालर संपत आली तेव्हा कडेला एवढीशी जागा उरली. तिथे तिनं 'राजे उदयभान' लिहिलं. नेमका तिथेच लाकडी खांब. समोरून पाहिलं तर 'राजे' दिसे, पुढचं खांबामागे.

राजाबापूंनी जागा बदलून, मान वाकडी करून पाहिलं. "इकडून वाचता येते," ते म्हणाले आणि तिथेच बसले.

मग शेला आणला गेला. दरवर्षीसारखा राजाबापूंनी तो वामनरावांच्या खांद्यावर घातला. या वर्षी दोन होते. दुसरा राणीमायच्या खांद्यावरचाच, त्यांनी काढून प्रज्ञाला दिला. वामनराव लेकीला म्हणाले, "मले इचारलं असतं तं मी नाई म्हनलं असतं."

"म्हनून तं नाई इचारलं."

"बरं केलं," ते म्हणाले आणि शेल्याचं टोक बोटांत धरून बसले.

दंडार सुरू झाली. ढोलकी, झांजा, आणि सोंगं एकामागून एक नाचत आली. मुकुट सावरत शिंपीराजा आला, रिकाम्या सिंहासनापुढे खुर्ची टाकून ऐटीत बसला, मिशीला ताव दिला आणि दरबाराला पहिला प्रश्न विचारायला उभा राहिला. त्याच्या डोक्यावरचा मुकुट थेट झालरीच्या आड आला.

पुढच्या रांगेतून एक म्हातारी ओरडली, "ए राजा, बाजूले सर न बापा. नावं वाचू दे."